ताराबाई शिंदे यांचे वाचन आणि आपण

बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवितो. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात, अभ्यासक्रमाला हात घालण्यापूर्वी, मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके वगळून गेल्या वर्षभरात आपण कोणते पुस्तक वाचले, हा तो प्रश्न होय. उत्तरादाखल वर्गात बहुधा शांतता पसरते. या शांततेचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हाच प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला तर तेथेही फारसे निराळे चित्र दिसणार नाही. मी स्वतःलाही त्यातून वगळीत नाही. पदव्युत्तर पदवी मिळाली, नोकरी लागली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे माझे वाचन उद्या वर्गात शिकवावयाच्या प्रकरणापुरतेच उरले होते. वयाच्या चाळिशीत ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक हाती आले आणि दोन गोष्टींची एकदमच लाज वाटली. हे पुस्तक लिहिणारी बाई आमच्याच बुलढाण्याची होती, आणि ते आपण इतकी वर्षे वाचले नव्हते.

ताराबाई शिंदे यांचे नाव आज स्त्रीमुक्तीच्या इतिहासात आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ताराबाई लेखिका झाल्या त्या एकदाच. वाचक मात्र त्या लहानपणापासून होत्या. ज्या काळी बाईच्या वाचनाला ना परीक्षा होती, ना पदवी, ना नोकरी, त्या काळी एका आडवळणाच्या गावी त्या वाचीत राहिल्या. या वाचनाची कहाणी आजच्या परीक्षार्थी पिढीला आणि तिच्या आईबापांनाही सांगण्यासारखी आहे.

कापूस आला, शाळा आली नाही

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याला झाला. त्या दोन-तीन वर्षांच्या असतील तेव्हा, १८५३ साली, निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांशी त्यांचे जवळचे नाते होते. १८७१ साली त्यांनी सुशिक्षितांना उद्देशून एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. चार भावांमध्ये ताराबाई एकुलत्या एक मुलगी.

त्या बालपणीच्या वऱ्हाडाची आर्थिक स्थिती ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व हिंदुस्थानच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने घाटाखालून पुढे नागपूरपर्यंत गेली, आणि खामगावची कापसाची पेठ प्रसिद्धीला आली. घाटाखालच्या मुलुखात पैसा खेळू लागला, घाटावर कचेऱ्या व बंगले उभे राहिले. परंतु त्या सर्व भरभराटीतून बुलढाण्याच्या परिसरात मुलींसाठी एक शाळा काही उघडली गेली नाही. बाजारपेठ वाढली म्हणजे विद्या आपोआप वाढते, हा आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांचा आवडता समज आहे. त्याला हा घरचाच अपवाद.

शाळा नव्हती म्हणून बापूजींनी मुलीला घरीच शिकविले, आणि तेही केवळ अक्षरओळखीपुरते नव्हे. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी अशा तीन भाषा त्यांनी तिला दिल्या. पुण्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तेव्हा केवढे वादळ उठले होते हे सर्वज्ञात आहे. पुण्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या बुलढाण्यात एका कारकुनाने आपल्या घरातच ती शाळा भरविली. तिची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात नसेल, पण तिचा निकाल पुढे साऱ्या महाराष्ट्राने पाहिला.

संसारातले वाचन

त्या काळच्या रीतीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहान वयातच झाले. बहुतेक मुलींच्या बाबतीत येथेच शिक्षणाचा शेवट होत असे. सासरच्या उंबरठ्याबाहेर पाटी राहात असे. ताराबाईंच्या बाबतीत मात्र पती घरजावई म्हणून आले, आणि माहेरची माणसे व माहेरची पुस्तके त्यांच्यापासून तुटली नाहीत. त्यांना मूलबाळ झाले नाही. त्या समाजात बाईला मान मिळावयाचा तो मुलांची आई म्हणून. तो मान त्यांच्या वाट्याला आला नसावा. वाचनाची मोकळीक मात्र राहिली.

या काळात त्यांनी काय वाचले याचा पुरावा त्यांच्या पुस्तकातच आहे. रामायण, महाभारत व पुराणे त्यांनी बारकाईने वाचली होती. संस्कृत सुभाषितांमध्ये स्त्रियांविषयी काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक होते. शिवाय मराठीत नव्याने निघू लागलेले ललित वाङ्मयही त्यांच्या दृष्टीखालून गेले होते. हळबे यांची १८६१ साली निघालेली ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ हे नाटक, स्त्रियांच्या लबाडीच्या कथा रंगवून सांगणारे ‘स्त्रीचरित्र’, आणि जोडीला पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे. त्या काळी पुण्या-मुंबईचे पुस्तक बुलढाण्याला यावयाचे तर रेल्वेने मलकापूरपर्यंत आणि पुढे गाडीने घाट चढून. जे वाचन आज आपल्याला कंटाळवाणे वाटते ते एवढ्या अंतरावरून मागवावे लागत असे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या वाचनाने ताराबाईंना एका पैचीही प्राप्ती होणार नव्हती. वडिलांसारखी कचेरीतली नोकरी त्यांना मिळणे शक्य नव्हते; कोणती परीक्षा द्यावयाची नव्हती. किंबहुना बाईने पुस्तक हाती धरले तर घरावर संकट येते अशी समजूत सभोवती पसरलेली होती. तरीही त्या मुलगी असताना वाचीत होत्या, संसार करताना वाचीत होत्या, आणि तिशी ओलांडल्यावरही वाचीत होत्या.

एका वाचकाचे उत्तर

१८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेचा खटला गाजला. लोकलज्जेच्या भीतीने आपल्या नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली होती. पुढे अपिलात ती कमी करून जन्मठेप काळ्या पाण्याची करण्यात आली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा होऊन पंचवीस वर्षे लोटली होती, परंतु त्या कायद्याचा आसरा तिला मिळाला नव्हता. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर टीकेची झोड उठविली. असे लेख त्या काळात अनेक निघत. ते वाचून पुरुष माना डोलावीत. स्त्रिया बहुधा ते वाचूच शकत नसत.

बुलढाण्याच्या या वाचक स्त्रीने मात्र तो लेख वाचला आणि उत्तर लिहावयास घेतले. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा तो निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे काढल्या होत्या, किंमत नऊ आणे. सोळा आण्यांचा रुपया असताना नऊ आणे ही रक्कम हातावर पोट असणाऱ्याला सहज परवडणारी नव्हती, हे सांगावयास नकोच. त्यावेळी ताराबाईंचे वय बत्तीसच्या आसपास होते.

या निबंधात स्त्रियांच्या दुःखाची कैफियत आहेच. परंतु त्याचे बळ तेवढ्याने साधलेले नाही. ते आले आहे वाचनातून. स्त्री म्हणजे संशय, अविचारी धाडस, कपट व दोष यांचे घर, असे सांगणारा एक संस्कृत श्लोक त्या समोर ठेवतात व त्यातील एकेक आरोप घेऊन विचारतात की, हा दोष पुरुषांत अधिक आहे की स्त्रियांत? पुराणांतील देवांच्या व ऋषींच्या वर्तनाचा त्या दाखला देतात आणि पातिव्रत्याचे नियम एकाच बाजूला का लावले गेले याचा जाब मागतात. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांची मुलगी देणारा समाज तिच्या विधवेपणाचा दोष तिच्याच कपाळी कसा लावतो, हे त्या उघड करतात. नव्या कादंबऱ्यांतील नायिका जगात कोठे असतात तरी का, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. ग्रंथ छापला गेला म्हणून तो खरा, हे मान्य करण्यास ही बाई तयार नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तर या निबंधात आणखी एक ओळखीचा सूर ऐकू येतो. परदेशी मालाच्या मागे लागून आपले धंदे बुडू देणारे, इंग्रजी पोशाख चढवून सरकारी नोकरीच्या आशेवर बसणारे सुशिक्षित पुरुष त्यांच्या तडाख्यातून सुटलेले नाहीत. देशी कारागिरी बुडाल्याची चर्चा त्या काळी पुण्यातील सभांतून होत होती. बुलढाण्यातील एक गृहिणी तोच विषय घरातून पाहात होती.

इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल या अर्थशास्त्रज्ञाने स्त्रियांच्या दास्याविषयीचा आपला ग्रंथ १८६९ साली प्रसिद्ध केला. मिललाही शाळेत घातलेले नव्हते. वडिलांनीच त्याला घरी शिकविले व तिसऱ्या वर्षापासून ग्रीक भाषा दिली. दोन बापांनी दोन देशांत केलेला प्रयोग एकच होता. परंतु मिल पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पस्तीस वर्षे काम करून मोठ्या पदाला पोहोचला, पार्लमेंटात बसला, त्याचे ग्रंथ जगभर गेले. ताराबाईंच्या वाट्याला घराच्या चार भिंती आणि पाचशे प्रती आल्या. असे असूनही त्या निबंधात लाचारी नाही. वाचणाऱ्या माणसाच्या अंगी जी निर्भयता येते तीच त्याच्या प्रत्येक पानावर आहे.

त्र्याण्णव वर्षांची शांतता

पुस्तकाचे स्वागत झाले ते हेटाळणीने. जोतीरावांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली व त्यांची टिंगल करणाऱ्यांना खडसावले. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले होते. पण रमाबाईंना पुढे जग मिळाले, ताराबाई बुलढाण्यातच राहिल्या. त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच्या, १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील दर हजार स्त्रियांमागे साक्षर स्त्रिया सुमारे सहा होत्या. ज्यांच्यासाठी ताराबाईंनी लिहिले त्यांतील हजारी नऊशे चौऱ्याण्णव जणींना ते वाचताच येणार नव्हते.

पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रकाशात आणले, आणि ते प्रसिद्ध केले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने, म्हणजे एका ग्रंथालयाने. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. बुलढाण्यातील वाचनाचे फळ अशा रीतीने जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले. पाचशे प्रतींपैकी एखादी प्रत कोणीतरी सांभाळली, कोणीतरी ती उघडली, म्हणूनच हे घडले. पुस्तक वाचणाराही आपल्या परीने त्याला जगवीत असतो.

परतावा कशाचा मोजावा?

आमच्या शास्त्रात मानवी भांडवल नावाची एक कल्पना आहे. थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी ती रूढ केली. शिक्षणावर केलेला खर्च ही गुंतवणूक मानावी आणि पुढे मिळणारे अधिक उत्पन्न हा तिचा परतावा समजावा, असा तिचा स्थूल आशय आहे. ही कल्पना उपयुक्त आहे व मी ती वर्गात शिकवितो. परंतु या मापाने ताराबाईंच्या शिक्षणाचा परतावा शून्य येतो. ज्या वाचनाने एका शतकानंतरही लोकांना विचार करावयास लावले, त्याची किंमत शून्य दाखविणारे माप अपुरे आहे, एवढे तरी आपण कबूल केले पाहिजे.

आपण मात्र घराघरांतून हेच माप वापरीत आहोत. मुलाने परीक्षेचे पुस्तक वाचले तर तो अभ्यास, गोष्टीचे वाचले तर तो वेळेचा अपव्यय. जिल्ह्यातील अभ्यासिका आज पोलीस भरतीच्या व लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांनी भरलेल्या असतात. शेतीत भागत नाही, उद्योग नाहीत. त्या मुलामुलींच्या धडपडीला मी नावे ठेवणार नाही. पण जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ, हे साधे गणित आहे. ज्याची निवड होत नाही तो तिशीच्या घरात येऊन घरी परततो तेव्हा पुस्तकाविषयी त्याच्या मनात कडवटपणा भरलेला असतो, आणि ज्याची निवड होते तो पुस्तके रद्दीत घालतो. दोघांचेही वाचन एकाच दिवशी संपते. यशाने आणि अपयशाने सारखेच संपावे असे आपण वाचन शिकविले आहे, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

दुसरी काळजी त्यांच्या आयांची आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बुलढाणा जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ८३ हून अधिक असून स्त्रियांत ते शेकडा ७६ च्या आसपास आहे. हजारी सहावरून आपण येथवर आलो, ही सामान्य प्रगती नव्हे. पण या साक्षर स्त्रियांपैकी कितीजणींच्या हाती वर्षाकाठी एक तरी पुस्तक पडते? सातवी-आठवीत शाळा सुटलेली, आज पंचेचाळिशीत असलेली एखादी बाई जनगणनेच्या कागदावर साक्षर असते. प्रत्यक्षात ती किराण्याची यादी व मोबाइलवरील संदेश यांपलीकडे काही वाचीत नाही, कारण तिने वाचावे असे कोणालाच वाटत नाही. ताराबाईंच्या भोवती साक्षरता नव्हती, पण घरात पुस्तक होते. या बाईच्या भोवती साक्षरता आहे, पण घरात पुस्तक नाही.

पुस्तक ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. पुस्तक शंभरांनी वाचले तरी एकशे एकाव्यासाठी ते तेवढेच शिल्लक असते. म्हणून ग्रंथालयावरील खर्च हा समाजाने करावयाच्या खर्चांत सर्वांत काटकसरीचा असतो, अट एवढीच की कपाटाचे कुलूप उघडे असले पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. अनुदानाच्या रकमेवरून होणारी ओरड रास्त असते. परंतु ज्या गावात ग्रंथालय आहे तेथील पुस्तके बाहेर काढण्यास अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

यासाठी फार मोठी योजना नको. ग्रंथालय सकाळी कचेरीच्या वेळेला उघडून दुपारी बंद होत असेल तर ते संध्याकाळी, शेतावरून माणसे परतल्यावर, दोन तास उघडे असावे. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीने जाताना आईसाठी एक पुस्तक घरी न्यावे. ज्या आजोबांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना नातवाने दहा पाने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याइतकाच वाचणाऱ्याचाही त्यात लाभ आहे. आम्ही प्राध्यापकांनी वर्षातून निदान चार पुस्तके अशी वाचावीत की जी अभ्यासक्रमात नाहीत. आणि बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक ग्रंथालयात ‘स्त्रीपुरुष तुलना’ची एक प्रत असावी, ती जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यासाठी नव्हे, घरी नेण्यासाठी.

बापूजी शिंदे यांनी आपल्या मुलीला अक्षरे शिकविली तेव्हा तिचे पुढे काय होणार याचा हिशेब त्यांनी मांडला नसावा. आज आपल्या घराघरांत शिकलेल्या मुली आहेत व त्यांच्या आया शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या आहेत. आता शिकविण्याचा क्रम उलटा करण्याची वेळ आली आहे. मी यंदा वर्गात तो जुना प्रश्न विचारणार आहेच. पण त्याला आणखी एक प्रश्न जोडणार आहे. तुमच्या आईने शेवटचे पुस्तक केव्हा वाचले, आणि ते तिला कोणी आणून दिले?